नाणी लावली की पोरं शिकतात म्हणे!

खडूचा_तुकडा:
काल इथेच एकाने ठोकून दिलं, "अभ्यासाच्या गेमला नाणी, बॅज आणि लीडरबोर्ड लावा, मुलं आपोआप चिकटतात." चिकटतात हो, पण कशाला?

माझी भाची आठ वर्षांची. गुणाकाराचा गेम खेळत होती, मी शेजारी. ७ × ८ आलं. बाईसाहेबांनी प्रश्न वाचलाच नाही. चारही पर्याय वरून खाली टपाटप दाबले. चुकलं तर काही जात नाही, बरोबर आलं की पाच नाणी. वीस मिनिटांत त्या नाण्यांतून गेममधल्या पेंग्विनला टोपी! पाढा विचारला तर म्हणते, "मामा, तो गेममध्ये आहे ना."

लेपर, ग्रीन, निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आठवा. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच बक्षिसाचं आमिष दाखवलं, तर नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढू लागली. पन्नास वर्षं झाली, आपण टोप्याच विकतोय.

उडता_ठोकळा:
ठोकून देणारा मीच. त्या मुलांना चित्रकला मुळात आवडत होती. पाढे बघून ज्याच्या पोटात दुखतं त्याची कुठली आवड मरणार? आणि टपाटप दाबू देणारा गेम भिकार, त्यात नाण्यांचा काय दोष?

शून्यशेष:
दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. गणित खेळाच्या आत हवं. 'झोम्बी डिव्हिजन' या भागाकाराच्या गेममध्ये सांगाड्याच्या छातीवर संख्या असते. ज्या आकड्याने तिला पूर्ण भाग जाईल त्याचंच शस्त्र उचलायचं. हॅबगुड आणि एन्सवर्थ या संशोधकांनी (२०११) त्याची दुसरी आवृत्तीही केली, लढाई वेगळी आणि गणितं शेवटी. मुलांना निवड दिली तर पहिलीवर सातपट वेळ घालवला.

उडता_ठोकळा:
भागाकाराला तलवार मिळाली. सनावळीला काय देणार, तोफ?

अर्धविराम:
नाण्यांचं सोडा, ॲप सलग किती दिवस वापरलं ते मोजणाऱ्या त्या मेल्या स्ट्रीकबद्दल कुणी बोलणार का? भाषेच्या ॲपवर माझे ४१२ दिवस झालेत. मध्ये तापाने फणफणले होते, तरी रात्री पावणेबाराला उठून सगळ्यात सोपा धडा उरकला. अजून "सफरचंद लाल आहे"च्या पुढे गाडी नाही.

उडता_ठोकळा:
स्ट्रीक नसती तर ४१२ दिवस ॲप उघडलं असतंत? सोपा धडा तुम्ही निवडलात. आळस आपला, खापर डिझाइनवर.

अर्धविराम:
आळस? तापात उठले मी! एक दिवस चुकला की आकडा शून्य, ही धमकी झाली. शिकलेलं काय शून्य होतं का?

शून्यशेष:
बाईंशी सहमत. मी १९० ला तुटलो, त्यानंतर ॲप उघडलंच नाही. आणि खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

उडता_ठोकळा:
बरं बाबा, आठवड्यातून दोन दिवस सुट्टी द्या स्ट्रीकला. झालं समाधान? पण एकदा बसवायला काहीतरी आमिष लागतंच.

खडूचा_तुकडा:
धागा माझा होता, आठवण करून देतो. असो. बसवायला टोपी चालेल, एवढं मान्य. पण चुकलेलं गणित थोड्या वेळाने वेगळ्या रूपात परत आलंच पाहिजे आणि पहिल्याच दाबात बरोबर आलं तरच नाणं. काल भाचीला माझा हाच नियम लावला, पाटीवर. तिने विचारलं, "आणि टोपी कुठाय?"

उडता_ठोकळा:
😂 बघा!

अर्धविराम:
भांडा तुम्ही. ११:५२ झालेत, मी आलेच.