पेस्लीचं स्मारक: श्रेय कुणाचं?
स्कॉटलंडमधल्या पेस्लीचं युद्धस्मारक रॉबर्ट लॉरिमरचं, असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं. लॉरिमर वास्तुविशारद, पण लोक थबकतात ते ब्राँझच्या शिल्पापाशी, आणि ते अ‍ॅलिस मेरेडिथ विल्यम्स या शिल्पकर्तीचं. अनावरण १९२४चं. मधोमध घोड्यावर चिलखत घातलेला क्रुसेडर (मध्ययुगीन धर्मयुद्धातला सरदार) आणि त्याच्या सोबतीने चालणारे पहिल्या महायुद्धातले पायदळ सैनिक. त्यांची चाल नीट बघा, नुसता थकवा! तो सरदार मला जरा नाटकीच वाटतो (तेव्हाची फॅशन, दुसरं काय), सैनिक मात्र अस्सल. एडिंबरा किल्ल्यातल्या १९२७च्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही लॉरिमरसोबत अ‍ॅलिसच होती. तिथल्या ब्राँझपट्टाची (भिंतीवरच्या उठावशिल्पांच्या पट्ट्याची) रेखाटनं तिच्या नवऱ्याची, मॉरिसची. त्यावरून शिल्पं घडवली तिनेच.