बांबू की सागवान? ए-३०२ च्या बेडरूमवरून ग्रुपवर झालेली चर्चा

ए-३०२ : नमस्कार सगळ्यांना, जरा सल्ला हवाय. आमच्या मागच्या बेडरूममध्ये सासूबाई झोपतात, त्यांच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीतच आहे, सकाळी उठून फरशीवर पाय टेकला की कळ डोक्यात जाते म्हणतात, चप्पल घालून घरात फिरायला त्यांना आवडत नाही. म्हणून त्या एका खोलीत वूडन फ्लोअरिंग करायचं ठरतंय. कॉन्ट्रॅक्टर दोन सॅम्पल ठेवून गेलाय, एक बांबूचं आणि एक सागवानाचं. तो म्हणतो बांबूच घ्या, बांबू पाण्यातच वाढतो त्यामुळे रत्नागिरीच्या पावसाला काही होणार नाही, आणि दिवाळीच्या आत चार दिवसात बसवून देतो. कोणाच्या घरी आहे का? खरंच टिकतं का?

सी-२०१ : वहिनी घाई करू नका हात जोडून सांगतो. आमच्या हॉलचं तुम्ही पाहिलंत ना, तिसऱ्याच पावसाळ्यात गॅलरीच्या दारापासून चार फुटापर्यंत सगळे सांधे पापडासारखे वर आले, पाय ठेवला की टक टक आवाज यायचा, शेवटी सगळं उचकटून टाकलं. पैसे गेले ते गेलेच आणि वर पंधरा दिवस धूळ

ए-३०२ : पण तुमचं लॅमिनेट होतं ना दादा, हे खरं लाकूड आहे म्हणे

सी-२०१ : हो लॅमिनेट. वरून लाकडासारखं दिसतं, आत दाबलेला लाकडाचा भुसा. सांध्यात पाणी गेलं की फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही म्हणून तुम्हाला सांगतोय

ए-१०१ : आमच्याकडे बांबू आहे गं, चार वर्षं झाली. स्ट्रँड वोव्हन म्हणतात तो प्रकार, बांबूचे धागे काढून डिंकात दाबून केलेला. खुर्च्या ओढल्या, नातवाने गाडी आपटली, ओरखडा नाही. पण एक सांगते, पहिल्या वर्षी बाई नेहमीसारखी बादली आणि फिनेल घेऊन ओल्या फडक्याने पुसायची, मी लक्ष दिलं नाही, बाथरूमच्या दारासमोरच्या दोन फळ्यांच्या कडा काळ्या पडल्या त्या पडल्याच. आता कोरडा मॉप, आणि अगदीच काही सांडलं तर पिळून घट्ट केलेलं फडकं आणि लगेच कोरडं. बाईला समजावायला मला दोन महिने लागले

बी-१०४ : सूनबाई, सकाळीच वाचलं पण नीट लिहायचं म्हणून थांबलो. पस्तीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली त्यामुळे राहवत नाही.

पहिली गोष्ट, बांबू पाण्यात वाढतो म्हणून पाण्याला टिकतो हे साफ चूक. बांबू हे गवत आहे, त्याच्यात पिष्ट भरपूर, म्हणून तर भुंगा लागतो आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. आपल्याकडे मांडवाचे बांबू कृष्णपक्षात तोडून वहाळात म्हणजे ओढ्यात बुडवून ठेवायची पद्धत होती ती उगाच नव्हती, पाण्यात ते पिष्ट निघून जातं. फ्लोअरिंगचा बांबू बोरॅक्स-बोरिकची ट्रीटमेंट केलेला आहे का ते विचार, लेखी घे. आणि तो आपल्या कोकणातला आहे हेही डोक्यातून काढ, आपला माणगा जातीचा बांबू भरीव आणि उत्तम, पण दुकानातल्या फ्लोअरिंगच्या फळ्या बहुतेक चीनच्या मोसो बांबूच्या असतात.

आता तुझ्या सॅम्पलचा रंग काय? पिवळसर फिकट असेल तर नैसर्गिक. कॉफीसारखा तपकिरी असेल तर तो वाफेत शिजवून रंग आणलेला, कार्बोनाइज्ड, तो नैसर्गिकपेक्षा मऊ पडतो. ए-१०१ च्या ताईंकडचा स्ट्रँड वोव्हन हा प्रकार वेगळा. कडकपणा मोजायची एक जांका चाचणी असते, पोलादी गोळी निम्मी लाकडात रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. सागवान १,१०० पौंडांच्या आसपास, स्ट्रँड वोव्हन ३,००० च्या वर जातो. म्हणून ओरखडा पडत नाही. पण कडक म्हणजे ओलीला पक्का असं नाही गं, ते दोन वेगळे हिशेब आहेत आणि विकणारे नेमके तेच एकत्र करून सांगतात.

ए-३०२ : काका रंग मधासारखा आहे. मग ओलीला पक्का कोण?

बी-१०४ : कोणीच नाही. लाकूड मेलं तरी श्वास घेतं. हवा दमट झाली की पाणी ओढतं आणि रुंदीत फुगतं, कोरडी झाली की आकसतं, लांबीत जवळजवळ काही होत नाही. भर पावसाळ्यात आपल्याकडे उघड्या लाकडात १६ टक्क्यांच्या पुढे ओलावा जातो, जानेवारीत ११-१२ वर येतो. चार इंच रुंद सागाची फळी घे, पाच टक्के ओलावा कमी झाला की साधारण १ मिलीमीटर आकसते. आता एक मिलीमीटर म्हणजे काय असं वाटेल, पण दहा फुटाच्या खोलीत अशा तीस फळ्या बसतात, झाला एक इंच. आणि हे सागाचं. परदेशी ओक त्याच्या दुप्पट हलतो. पॉलिश असेल तर हे सावकाश होतं, थांबत नाही.

म्हणून दिवाळीच्या आत बसवू नकोस. आत्ता ऑक्टोबरात पावसाचं पाणी पिऊन लाकूड फुगलेलं आहे, आत्ता घट्ट बसवलंस की संक्रांतीला फळ्यांमध्ये फटी, आणि फटीत झाडूने ढकललेला कचरा. उलट एकदम कोरडं बसवून भिंतीला चिकटवलंस तर जुलैमध्ये मधोमध तंबू उभा राहतो. थांब, फळ्या खोलीत आणून बॉक्स उघडून आठ-पंधरा दिवस तशाच ठेव, पंखा चालू, खिडकी नेहमीसारखी, मग ओलावा मीटरने मोजून १२ च्या आसपास आला की बसव, आणि चारी भिंतींपासून १० मिलीमीटर जागा सोड, स्कर्टिंगखाली दिसत नाही.

डी-४०३ : काकांचं पटलं, एक भर घालतो, माझं कामच हे आहे. ए-३०२ ताई, वरून येणाऱ्या दमटपणापेक्षा खालून आणि बाजूने येणाऱ्या ओलीने जास्त फ्लोअरिंगं जातात. फळीची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी असली की कडा वर उचलतात, पन्हळीसारखी होते. आणि तेव्हा घाबरून मशीनने घासून सपाट केलं तर आणखी वाईट, कारण खालची बाजू वाळली की तीच फळी मधे फुगीर दिसायला लागते, कडा तर तुम्ही आधीच घासून टाकलेल्या. आधी ओल शोधायची, वाळू द्यायचं, मग घासायचं.

तुमच्या बेडरूमच्या मागे बाथरूमची भिंत आहे ना? आज रात्री एक काम करा. जाड प्लास्टिकचा दोन बाय दोन फुटाचा तुकडा त्या भिंतीलगत फरशीवर ठेवा, एक खोलीच्या मधे ठेवा, चारी कडांना चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस हलवू नका. खाली थेंब दिसले किंवा फरशीच्या जोडांतलं सिमेंट काळं पडलं तर लाकूड आणायचंच नाही.

ए-३०२ : लावते आत्ताच. खालची फरशी काढावी लागेल का?

डी-४०३ : नको नको, उलट फरशी राहू दे. व्हिट्रिफाइड फरशी खालची ओल अडवते. तिच्यावर प्लास्टिक, त्यावर फोम, त्यावर फळ्या एकमेकींत अडकवून तरंगत्या बसवायच्या. मात्र पंधरा मिलीमीटर उंची वाढते, दार खालून तासावं लागेल, आणि सासूबाईंच्या दृष्टीने महत्त्वाचं, बाथरूमच्या दाराशी पायरी होईल. तिथे उतरती पट्टी लावून घ्या, रात्री अंधारात अडखळायला नको

सेक्रेटरी : फरशी फोडायची असेल तर आधी अर्ज द्यावा ही विनंती, खालच्यांच्या छताचं वॉटरप्रूफिंग जातं. वरून बसवणार असाल तर अर्जाची गरज नाही, फक्त दुपारी २ ते ४ कटर बंद ठेवा

ए-३०२ : हो सर. सासूबाई ऐकतायत सगळं, म्हणतात आमच्या माहेरी माळ्याच्या फळ्या किंजळाच्या होत्या, पावसात दारं घट्ट बसायची आणि शिमग्याला आपोआप सैल व्हायची, कोणी त्याला बिघाड म्हणायचं नाही

बी-१०४ : बरोबर बोलल्या. ऐन, किंजळ, फणस, त्या लाकडांना हलायला जागा ठेवलेली असायची. आजकाल जागाच ठेवत नाहीत.

आता माझं मत विचारशील तर तुझ्या खोलीला मी सागच घेईन. सगळा भरीव साग नको, वर ३-४ मिलीमीटर साग आणि खाली चांगला वॉटरप्रूफ प्लाय असतो तो इंजिनीअर्ड प्रकार, प्लायचे थर आडवे-उभे असल्यामुळे हलणं बरंच कमी होतं. आणि पुढे खराब झालं तर आपल्या इथला कुठलाही सुतार साग हलक्या हाताने घासून पॉलिश करू शकतो, स्ट्रँड वोव्हनवर त्यांची पाती बोथट होतात. फक्त कोवळ्या सागाचा पांढरट भाग येऊ देऊ नकोस, वाळवी पहिली तिथेच शिरते. बॉक्स उघडून एकेक फळी बघ, लाजू नकोस. बांबू वाईट आहे असं म्हणत नाही, ताईंकडे छान टिकलाय, पण त्यांनी तो पहिल्यापासून जपलाय.

ए-१०१ : हो आणि बाथरूमची भिंत माझ्या खोलीला लागून नाही काका, नाहीतर टिकला नसता. फक्त बाथरूमचं दार समोर येतं, तिथल्या दोन फळ्यांचं एवढं झालं

*(दोन दिवसांनी)*

ए-३०२ : काका, डी-४०३ दादा, फोटो टाकलाय बघा. मधलं प्लास्टिक कोरडं आहे, अजिबात काही नाही. भिंतीकडचं उचललं तर खालून दवासारखे थेंब, बोट फिरवलं तर रेघ उमटली, आणि जोडांतलं सिमेंट काळपट झालंय. आम्हाला वाटायचं पावसाळ्यात फरशीला घाम येतो तसंच काहीतरी

डी-४०३ : घाम वरून येतो ताई, हे प्लास्टिकच्या खाली आहे. बाथरूममधला पाइप नाहीतर नहाणीच्या कोपऱ्यातले जोड. नळ सगळे बंद करून पाण्याचा मीटर बघा, काटा हलतोय का

ए-३०२ : आत्ता यांनी बघितलं, हलत नाहीये

डी-४०३ : म्हणजे नळाचा पाइप नाही, आंघोळीचं पाणी झिरपतंय. खाली ए-२०२ ला विचारा छताला डाग आहे का

ए-२०२ : आहे हो वहिनी, जूनपासून आहे, तुम्हाला सांगायचं राहून गेलं

ए-३०२ : अरे देवा, सॉरी हो दादा. कॉन्ट्रॅक्टरला दोन्ही सॅम्पल परत न्यायला सांगितलंय. उद्या दहाला प्लंबर येतोय, ए-२०२ दादा तुम्ही पण वर या, मिळूनच बघू. सासूबाईंसाठी तोपर्यंत पलंगाजवळ जाड सतरंजी घातली आहे. काका, जानेवारीत फळ्या बघायला वखारीत माझ्याबरोबर याल ना?

बी-१०४ : येणार म्हणजे काय. ओलावा मोजायचा मीटर माझा घरी आहे, घेऊन येतो.