खेळाडू ते प्रशिक्षक : अ‍ॅनिस स्टुकस

प्रशिक्षकाला जिंकलेल्या सामन्यांवरूनच तोलावं, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. कॅनेडियन फुटबॉलमधल्या (बारा जणांचा, चेंडू हातात घेऊन पळायचा तो) अ‍ॅनिस स्टुकसचं काय करणार मग?

खेळाडू म्हणून टोरांटो अर्गोनॉट्सकडून १९३७ आणि १९३८ असे लागोपाठ दोन ग्रे कप (या खेळातलं कॅनडाचं अजिंक्यपद). १९३८ मध्ये बिल आणि फ्रँक हे भाऊही त्याच संघात, म्हणजे घरचंच कार्य! पुढे १९४९ मध्ये प्रशिक्षक म्हणून एडमंटनचा नवा संघ त्याच्या हाती आला. पहिल्या हंगामात १४ पैकी ४ विजय, मग ७, मग ८. तो गेल्यावर त्याच एडमंटनने १९५४ ते १९५६ सलग तीन ग्रे कप नेले. पाया कुणाचा, कळस कुणाचा!

आणि १९५४ मध्येच हा गडी व्हँकुव्हरला बीसी लायन्स हा संघ शून्यातून उभा करत होता. सोळा सामने, विजय फक्त एक. आकडेच बघायचे तर नापास. पण मुळात पत्रकार असल्याने बोलघेवडा. संघाबद्दल गावात हवा करणं त्याला बरोबर जमायचं. आज तिथल्या लीगमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला मिळणारा करंडक त्याच्याच नावाचा आहे.