मखराचा प्लाय आणि फणसाचे पाट: एका जिगसॉवर दोन्ही भागेल का?

मंडळी, नमस्कार. मी मालवणजवळ राहतो. घरच्या सुतारकामासाठी जिगसॉ (अरुंद पाते वर-खाली हलवून लाकडात वळणे कापणारे विजेचे हातयंत्र) घ्यायचा आहे आणि काम दोन तऱ्हेचे असल्यामुळे निवड अडली आहे. गणपतीच्या मखरासाठी 6 आणि 12 मिलिमीटर प्लायमधून कमानी व वेलबुट्टी कापायची आहे. शिवाय घरच्या फणसाच्या दीड इंची फळ्या गिरणीतून कापून आणल्या आहेत, त्यांचे गोल कोपऱ्यांचे पाट करायचे आहेत.

प्लायसाठी साडेचारशे-पाचशे वॅटचे साधे मशीन पुरेल, कारण तिथे ताकदीपेक्षा वेग कमी-जास्त करण्याची सोय आणि अरुंद पाते जास्त कामाचे. पाते वर येताना कापते, म्हणून प्लायचा वरचा पापुद्रा उचकटतो. नक्षी मागच्या बाजूला उलटी काढून घेतली की तो प्रश्न मिटतो. खरी अडचण जाड फणसाची आहे. पाते फक्त वरच्या टोकाला धरलेले असल्यामुळे वळणावर त्याचे खालचे टोक भरकटते आणि कड वरून आखणीबरहुकूम, पण खालून तिरकी निघते. पेंड्युलमवाले, म्हणजे पाते वर-खाली होताना पुढे-मागेही झुलवणारे, मशीन जाड फळीत सरळ काप भराभर मारते हे खरे, तरी बारीक वळणांवर आणि प्लायवर पेंड्युलमचा खटका शून्यावरच ठेवावा लागतो. मग ज्या सोयीचे जादा पैसे मोजायचे, ती माझ्या निम्म्याहून अधिक कामात बंदच राहणार. त्यापेक्षा तेच पैसे पात्याला मागून आधार देणारा पक्का रोलर आणि पत्र्याऐवजी ओतीव ॲल्युमिनियमचा तळ असलेल्या मशीनवर घालावेत, असे माझे मत होत चालले आहे. आमच्या खाऱ्या हवेत पत्र्याचा तळ गंजतो आणि मग प्लायवर ओरखडे उठतात, हेही एक कारण आहेच.

पावसात लाइटीचा भरवसा नसतो आणि मखराचे काम नेमके श्रावणात निघते. तरीही बॅटरी आणि चार्जर धरून किंमत हाताबाहेर जाते, म्हणून वायरचेच घेणार आहे. खर्चाची मर्यादा सहा हजार.

फणसावर जिगसॉ चालवलेल्यांनी कृपया सांगावे: दीड इंची फळीत वळणाची कड काटकोनात राखायला पेंड्युलमचा काही उपयोग होतो का, की पाते चांगले असले म्हणजे झाले? पातळ प्लायच्या वळणांसाठी टी 101 एओ आणि जाड फळीसाठी टी 244 डी ही पाती मनात आहेत; ती कुडाळ-कणकवलीच्या हार्डवेअरच्या दुकानांत सुटी मिळतात, की कोल्हापूरहूनच मागवावी लागतात?