नवीन टॅब उघडला की समोर काय दिसावं? दुकानातल्या मशीनसाठी विचारते आहे

कन्नाचौक_अर्जकेंद्र

नमस्कार. सोलापुरात कन्ना चौकाजवळ माझं अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. तीन मशीन, एक प्रिंटर, एक झेरॉक्स. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, अशी कामं. आमच्या भागात घरी तेलुगू बोलणारी गिऱ्हाइकं खूप. नावाचं स्पेलिंग चुकू नये म्हणून मी एक जादा स्क्रीन गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावला आहे. मी टाइप करते ते त्यांना दिसतं. आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पुढे किती हेलपाटे पडतात ते मी रोज बघते, त्यामुळे तो स्क्रीन मी काढणार नाही. हे आधीच सांगते.

अडचण अशी. कंट्रोल आणि टी दाबलं की नव्या टॅबवर आधी वारंवार उघडलेल्या साइटचे चौकोन येतात. गेल्या महिन्यात एक बाई कोर्टातली पुढची तारीख बघून गेल्या. त्या दर पंधरवड्याला येतात. वकिलाकडे जाताना ओळखीचं कुणी बघेल, म्हणून माझ्याकडे येतात. त्या पायरी उतरल्या आणि त्यांच्याच बोळातल्या दुसऱ्या बाई खुर्चीवर बसल्या. मी नवीन टॅब उघडला. पहिल्याच ओळीत कोर्टाच्या साइटचा चौकोन. या बाईंनी स्क्रीनकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि विचारलं, "तिचं कोर्टात काय चाललंय?"

मी म्हणाले, मला काही माहीत नाही. पण त्यांना जे कळायचं ते कळलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट त्याच आठवड्यातली. एकाचा अर्ज भरताना पिनकोड बघायला नवीन टॅब उघडला. तेवढ्यात त्यांनी आधार कार्ड पुढे केलं. मी कार्डाकडे बघत बाराही आकडे टाइप करून एंटर दाबलं. वर बघते तर अर्ज मागच्या टॅबमध्ये, आणि नंबर अ‍ॅड्रेस बारमधून थेट सर्च इंजिनकडे गेलेला. चूक माझी, मान्य. पण दिवसाला चाळीस-पन्नास अर्ज भरणाऱ्या माणसाचा हात असा चुकणारच, आणि ब्राउझरने ते धरून चालायला हवं असं मला वाटतं.

पंगतीत नवीन माणूस बसला की त्याच्यापुढे नवीन पान मांडतात, आधीच्याचं उष्टं पान सरकवत नाहीत. नव्या टॅबने तसंच वागावं. कोरं पान, वर कर्सर तयार, बास. बातम्या नकोत, हवामान नको, आधी कोण बसलं होतं ते तर मुळीच नको. हे कसं करता येईल? मशीनवर वेगवेगळे ब्राउझर आहेत, कुठलाही चालेल.

जुळे_सोलापूर_हार्डवेअर

ताई, चौकोन घालवणं दोन मिनिटांचं काम आहे. क्रोममध्ये नव्या टॅबच्या खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बटण असतं, त्यात शॉर्टकट बंद करा. एजमध्ये त्याच पानावर सेटिंगचं चक्र आहे, तिथून क्विक लिंक आणि बातम्या दोन्ही बंद होतात. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज उघडून होममध्ये जा, नवीन टॅबसाठी कोरं पान निवडा. अगदी पांढरंफट्ट पान हवं असेल तर फायरफॉक्सच घ्या.

पण एवढ्यावर थांबू नका. चौकोन गेले तरी इतिहास, म्हणजे उघडलेल्या साइटची यादी, जागेवरच असतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये पहिलं अक्षर टाकलं की त्याच कोर्टाच्या साइटचं नाव खाली लोंबेल. तुमच्या कामाला गेस्ट विंडो, म्हणजे पाहुण्यासाठीची तात्पुरती वेगळी विंडो पाहिजे. क्रोम आणि एजमध्ये वरच्या गोल प्रोफाइल चित्रावर क्लिक केलं की गेस्टचा पर्याय मिळतो. त्या विंडो सगळ्या बंद केल्या की इतिहास आणि लॉगिन पुसलं जातं.

मंगळवेढ्याचे_मास्तर

मी निवृत्त शिक्षक, वय बहात्तर. माझं मत वेगळं आहे. पूर्वी टॅब कोराच उघडायचा, ते मी पाहिलेलं आहे. ऑपेरा ब्राउझरने २००७ मध्ये स्पीड डायल, म्हणजे नव्या टॅबवर साइटचे चौकोन, आणलं, आणि २००८ मध्ये क्रोम आला तोच नव्या टॅबवर नेहमीच्या साइट घेऊन. माझ्यासारख्याला त्याने मोठी सोय झाली. मला साइटचे पत्ते पाठ नाहीत, बारीक अक्षर दिसत नाही. वीज बिल, बँक, पंचांग, पेपर हे चार चौकोन कुठे आहेत ते माझ्या बोटाला माहीत आहे. तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या ब्राउझरांनी कोरं पान दिलं तर मला दर वेळी नातवाला हाक मारावी लागेल.

कन्नाचौक_अर्जकेंद्र

मास्तर, तुमचं पटलं. तुमच्या घरच्या मशीनवर चौकोन राहायलाच हवेत. माझ्या वडिलांनाही मोबाइलवर तेच लागतात. मी सगळ्यांसाठी बोलले, तेवढा शब्द मागे घेते.

पण एक सांगते. तुमच्या मशीनवर बसणारा माणूस एकच आहे, म्हणून तुमची आठवण तुम्हालाच दिसते. माझ्याकडे एका खुर्चीवर दिवसभर माणसं बदलतात, आणि ब्राउझर त्या सगळ्यांना एकच माणूस समजतो. मशीन नवीन असताना त्याने एकदा तरी विचारावं की इथे एकजण बसणार की अनेक? नव्या टॅबने काय करायचं ते त्यावरून ठरावं. आता होतं असं की ज्याला सेटिंग माहीत आहे त्याचंच झाकलं जातं. कोर्टाच्या तारखेला येणाऱ्या बाईंना काय माहीत असणार, मलाच माहीत नव्हतं.

हार्डवेअरवाले दादा, गेस्ट आजच करून बघते. आणखी एक विचारायचं राहिलं. माझ्या हाताखालचा मुलगा वेळ वाचवायला एकाच साइटचे दोन टॅब उघडून दोघांची लॉगिन करतो. परवा पहिल्या टॅबमध्ये पान पुढे गेलं आणि वर दुसऱ्याचं नाव आलं. सबमिट करायच्या आधी लक्षात आलं म्हणून निभावलं. टॅब वेगळा असताना असं कसं होतं?

साखरपेठ_ते_पुणे

मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात वेबसाइट बनवतो.

टॅब वेगळा दिसतो, पण आतून घर एकच. लॉगिनची ओळख कुकीमध्ये, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत असते, आणि कुकी टॅबची नसते, त्या प्रोफाइलची, म्हणजे ब्राउझरमधल्या त्या वापरकर्त्याच्या खात्याची असते. त्याच साइटवर दुसऱ्याने लॉगिन केलं की पहिल्याची कुकी बदलली जाते. पहिल्या टॅबवर जुनं पान तसंच दिसत राहतं आणि पुढचं बटण दाबलं की दुसऱ्याचं खातं समोर येतं. गेस्टमध्ये किंवा खासगी विंडोतही हेच होतं. तिथे दुसरा टॅब उघडला तरी ते सत्र सामायिकच असतं, शेवटची विंडो बंद होईपर्यंत. त्यामुळे एक गिऱ्हाईक झालं की टॅब नाही, सगळ्या गेस्ट विंडो बंद करायच्या. हे मुलाला नीट बजावून सांगा.

एकाच वेळी दोघांचं काम करायचंच असेल तर फायरफॉक्सचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स नावाचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची जादा सोय आहे. त्यात टॅबसाठी कंटेनर, म्हणजे वेगवेगळे कप्पे करता येतात. प्रत्येक कंटेनरच्या कुकी वेगळ्या राहतात, टॅबवर रंगाची रेघ येते. नवीन टॅब उघडताना दर वेळी कंटेनर विचारायचा, असंही सेटिंग आहे. फक्त लक्षात ठेवा, कंटेनरने इतिहास लपत नाही.

आधार नंबरचं म्हणाल तर फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारमधून सर्च होणंच बंद करता येतं. अ‍ॅड्रेस बारमध्ये about:config टाइप केलं की आतल्या सेटिंगचं पान उघडतं, तिथे keyword.enabled शोधा आणि false करा. शिवाय सर्च सजेशन, म्हणजे टाइप करताना खाली येणाऱ्या सूचना, बंद करा, कारण ती चालू असतील तर एंटर दाबायच्या आधीच टाइप केलेलं सर्च इंजिनकडे जाऊ लागतं. शोधायला वेगळा डबा टूलबारवर लावून घ्या. पत्ता पत्त्याच्या जागी, शोध शोधाच्या जागी. मला स्वतःला ही जुनीच रीत बरी वाटते.

कन्नाचौक_अर्जकेंद्र

आठ दिवस वापरून लिहिते आहे. गिऱ्हाइकाकडे तोंड असलेल्या मशीनवर आता फक्त गेस्ट विंडो. गेस्टमध्ये बुकमार्क येत नाहीत, म्हणून नोटपॅडमध्ये साइटचे पत्ते लिहून ठेवले आणि तिथून कॉपी करते. एक माणूस उठला की विंडो बंद, दुसरा बसला की नवीन. अर्ध्या मिनिटाचं काम वाढलं. मुलगा पहिले दोन दिवस कुरकुरला, मग मी त्याला त्या परवाच्या अर्जाची आठवण दिली. आतल्या मशीनवर फायरफॉक्स टाकून सर्चचा डबा वेगळा केला. काल पुन्हा एकदा बारा आकडे वर टाइप केले, तर नुसतं पान सापडत नसल्याचं आलं. एवढं बरं वाटलं मला.

त्या कोर्टवाल्या बाई शुक्रवारी आल्या होत्या. झालं ते मी त्यांना सांगितलं. न सांगता राहवलं नसतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तारीख बघा की." बघितली, त्यांच्यासमोर विंडो बंद केली, नवीन उघडून दाखवली.

एक राहिलंय. गेस्ट बंद केली तरी उतरवलेल्या पीडीएफ डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशाच राहतात. रात्री दुकान बंद करताना मी हाताने पुसते, रिसायकल बिनसुद्धा. एखाद्या रात्री विसरले तर? हे आपोआप होण्याची काही सोय असेल तर कुणीतरी सांगा.