साक्ष, साक्षी, ग्वाही

गिरगावकर:
शनिवारी सकाळी मैत्रिणीबरोबर मराठी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले होते. पेंटेकॉस्टचा (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा) आदला दिवस, म्हणजे ईस्टरपासूनचा पुनरुत्थानकाळ संपत आलेला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवट वाचला: 'त्याची साक्ष खरी आहे.' साक्ष म्हटलं की मला कोर्टाचा पिंजरा दिसतो, आणि 'साक्षीभाव' म्हणजे तर अलिप्त राहून पाहणं. इथे कुठला अर्थ घ्यायचा?

गोराईकर:
ताई, पाणिनीपासून सुरुवात करू. साक्षी म्हणजे 'साक्षात् द्रष्टा', ज्याने स्वतः पाहिलं तो. त्या ओळीत ज्याची साक्ष आहे, तो येशूचा शिष्य परंपरेने योहान. तो क्रुसापाशी उभा होता, रिकाम्या कबरीकडे धावत गेला. पण शेवटच्या भोजनात जो आपल्या गुरूच्या, येशूच्या उराशी टेकला, तो अलिप्त कसा राहील? साक्षीभाव इथे अजिबात नको.

मूळ ग्रीक शब्द 'मार्तिरिया', साक्ष. साक्ष देणारा तो 'मार्तिस'. पुढे श्रद्धेपायी जीव देणाऱ्यालाच ते नाव पडलं. अरबी 'शहीद'ही मुळात साक्षीदारच. आपल्या 'हुतात्मा'मध्ये आहुती आहे, पाहणं नाही. म्हणून १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेलेल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांसाठी मला 'रक्तसाक्षी' हा शब्द जास्त जवळचा वाटतो.

त्या वाचनात येशूचा दुसरा शिष्य पेत्र मागे वळून योहानाबद्दल विचारतो, 'प्रभू, ह्याचं काय?' पेत्राला स्वतःचं मरण नुकतंच कळलेलं असतं. येशू म्हणतो, मी येईपर्यंत त्याने राहावं अशी माझी इच्छा असली तर तुला काय? तू माझ्यामागे ये. परंपरा सांगते, पेत्र रोममध्ये क्रुसावर गेला, योहान म्हातारा होऊन वारला. एकाने रक्त दिलं, दुसऱ्याने लिहून ठेवलं. दोघांनाही साक्षीदारच म्हणायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दादरकर:
'ग्वाही' चालेल का? तीही साक्षच ना?

गोराईकर:
फारसीत हो, हिंदीत 'गवाही' अजून कोर्टात चालते. मराठीत मात्र ग्वाही पुढच्या गोष्टीची देतात. मंत्री देतात तशी. योहान घडून गेलेलं सांगतोय.

गिरगावकर:
आणि आपण 'साक्ष पटली' म्हणतो, तेव्हा पटणं ऐकणाऱ्याचं असतं. त्या ओळीत पुढे 'हे आपल्याला ठाऊक आहे' असंही आहे. ते कोण बोलतंय?

गोराईकर:
मला तो योहानाच्या मंडळीचा आवाज वाटतो. त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि त्यांना ते पटलं.