पैसे पोरामागं जावेत का शाळेमागं? झेडपी, अनुदानित, विनाअनुदानित आणि अमेरिकेतली चार्टर

होटगी_रोड
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा आणि स्पष्ट मत द्या. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. पहिली ते चौथी, दोन गुरुजी, पट 31. गावापासून जवळच एक इंग्लिश मीडियम निघालंय, त्यांची पिवळी गाडी रोज सकाळी मारुतीच्या देवळापाशी थांबते आणि दरवर्षी जूनला आमची दोन-तीन पोरं त्या गाडीत बसायला लागतात.

गेल्या बैठकीत एक पालक उठून म्हणाले, सरकार एका पोरामागं जेवढा खर्च करतं तेवढे पैसे पोरगं ज्या शाळेत जाईल त्या शाळेला द्या, अमेरिकेत चार्टर शाळांना असंच मिळतं, मग आपल्याकडं का नाही? अर्ध्या बैठकीनं माना डोलावल्या. मला काय ते पटेना.

कारण सांगतो. आम्हाला समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतनं वर्षाला संयुक्त शाळा अनुदान येतं, शाळेच्या किरकोळ खर्चासाठी. पट 30 पर्यंत असला तर 10 हजार, 31 ते 100 असला तर 25 हजार. म्हणजे आमचं एक पोरगं कमी झालं की 15 हजार गेले. खडू, रजिस्टर, लाईट बिल, संडासाची सफाई, बोअरची मोटर जळली तर तिचं वायंडिंग, सगळं ह्याच पैशातनं करायचं. एक पोरगं गेलं म्हणून ह्यातला कुठला खर्च कमी झाला ते सांगा. आत्ताच ही अवस्था, मग सगळाच पैसा पोरामागं फिरायला लागला तर राहिलेल्या 30 जणांचं काय?

तर मला विचारायचंय की चार्टर म्हंजे नेमकं काय, आपल्याकडं त्याच्या जवळचं काय आहे, आणि न्याय कशाला म्हणायचा? पुढच्या बैठकीत हा विषय परत येणार आहे.

सात_रस्ता_ते_मिनेसोटा
दादा, मी मूळची सोलापूरचीच, सध्या मिनेसोटात असते. माझी मुलगी चार्टरमध्ये शिकते म्हणून सांगते. अमेरिकेत चार्टरचा पहिला कायदा ह्याच राज्यात झाला, 1991 मध्ये, आणि पहिली शाळा 1992 ला सेंट पॉलला सुरू झाली. चार्टर म्हणजे खाजगी शाळा नव्हे हे बैठकीत आधी सांगा. फी घेता येत नाही, परीक्षा घेऊन पोरं निवडता येत नाहीत, जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढावी लागते. चालवणारं मंडळ वेगळं असतं, पण सरकारनं मान्यता दिलेल्या देखरेख संस्थेशी ठराविक वर्षांचा करार असतो आणि करार पाळला नाही तर शाळा बंद करतात. गावाकडचं ते इंग्लिश मीडियम फी घेतं ना? मग त्याला चार्टर म्हणून कसं चालेल.

आता पैशाचं. राज्याकडनं पोरामागं जी मूळ रक्कम येते ती चार्टरला आणि डिस्ट्रिक्ट शाळांना, म्हणजे इथल्या नेहमीच्या सरकारी शाळांना, साधारण त्याच हिशोबानं मिळते. फरक पडतो तो पुढं. इथल्या डिस्ट्रिक्ट शाळा लोकांचं मतदान घेऊन घरपट्टीवर जादा कर बसवू शकतात, तो पैसा चार्टरला येत नाही, चार्टरला कर लावायचा अधिकारच नाही. इमारतीसाठी चार्टरला राज्य भाड्याची मदत करतं, भाड्याच्या 90 टक्क्यांपर्यंत, पण पोरामागं ठराविक मर्यादेतच. त्यामुळं चार्टरवाले म्हणतात आम्हाला कमी मिळतं, आणि ते खरंय.

पण डिस्ट्रिक्टवाले जे म्हणतात तेही खरंय, आणि ते तुमच्या मोटरच्या वायंडिंगसारखंच आहे. वेगवेगळ्या वर्गातनं एकेक दोन-दोन पोरं चार्टरला गेली तर एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी होत नाही, बस तेवढीच पळवावी लागते, पैसा मात्र लगेच जातो. म्हणूनच मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात पोरं चार्टरला गेली की डिस्ट्रिक्टला काही काळ भरपाई द्यायची तरतूद आहे, एकदम खड्डा पडू नये म्हणून. तिथं 2016 ला चार्टरची संख्या वाढवायचा प्रस्ताव मतदानाला टाकला होता, लोकांनी तो पाडला, आणि प्रचारात मुख्य मुद्दा हाच होता की गावच्या शाळेचा पैसा जातो.

बार्शी_संस्था
मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. बार्शी तालुक्यात आमची छोटी स्वयंअर्थसहाय्यित शाळा आहे, 2012 च्या कायद्याखाली मान्यता घेतलेली. सरकारचा एक रुपया पगाराला येत नाही, पोषण आहार नाही, इमारत बँकेच्या कर्जावर. आणि तरी आरटीईची, म्हंजे शिक्षण हक्क कायद्यातली गरीब घरची, 25 टक्के पोरं आम्ही घेतो, घ्यायलाच पायजेत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्या पोरांच्या फीची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही. दर एका पोरामागं वर्षाला 17,670 ठरलेला, कोविडच्या वर्षी तो 8 हजारावर आणला. कायद्यात लिहिलंय की सरकारचा पोरामागचा खर्च किंवा शाळेची फी ह्यातलं जे कमी असेल ते द्यायचं. ठीक आहे, तेवढं तरी द्या की. पहिलीचं पोरगं चौथीला गेलं तरी त्याच्या पहिलीचे पैसे अर्धेच आलेत अशी स्थिती असते. माझ्या मॅडम लोकांचा पगार मी कुठनं करू? मग राहिलेल्या 75 टक्के पालकांची फी वाढते, ती माणसं काय श्रीमंत नाहीत ओ, मार्केट यार्डातले हमाल आहेत, ड्रायव्हर आहेत, किराणावाले आहेत.

आपल्याकडं पैसे पोरामागं जाण्याचा जो काय प्रयोग झालाय तो हाच आहे, आरटीईचा. त्यामुळं चार्टरवर बोलायच्या आधी इथं काय झालं ते बगा.

अशोक_चौक
बार्शीवाले सर, तुमचं पटतं. माझी आई विड्या वळायची, मी पालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत शिकले, माझा मुलगा आरटीईत इंग्लिश मीडियमला आहे. फेब्रुवारी 2024 ला सरकारनं नियम बदलला होता आठवतंय का, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला 25 टक्क्यांतनं सूट. शहरात अशी जागा कुठं आहे जिथं किलोमीटरभरात सरकारी शाळा नाही? आमच्यासारख्यांची नावं लॉटरीत आलीच नसती. मे महिन्यात हायकोर्टानं स्थगिती दिली आणि जुलैत तो नियम रद्दच केला, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

पण एक सांगते, आरटीईनं फी माफ होते, बाकीचं होत नाही. बूट, गाडीचं भाडं, गॅदरिंगचे पैसे, प्रोजेक्टचं सामान. पालिकेच्या शाळेत मला दुपारची खिचडी मिळायची, पुस्तकं मिळायची. ह्याला डबा मी देते. पोरामागचा खर्च मोजताना ही खिचडी कुणाच्या खात्यात धरायची तेही ठरवा.

पंढरपूर_लिपिक
अनुदानित हायस्कूलला लिपिक म्हणून नोकरी केली, रिटायर झालो, म्हणून थोडं अधिकारानं बोलतो.

आपल्याकडं चार्टरच्या सगळ्यात जवळची चीज म्हणजे अनुदानित शाळा. संस्था खाजगी, इमारत संस्थेची, शिक्षकाचा पगार सरकार देतं, वर थोडं वेतनेतर अनुदान. कर्मवीरांच्या महाराष्ट्राला हे नवीन नाही, अमेरिकेत कायदा झाला त्याच्या कितीतरी आधीपासनं आपण हे करतोय. फरक एवढाच की तिथं पैसा पोरामागं मोजतात आणि आपल्याकडं पदामागं. संचमान्यतेत पट बघून पदं ठरतात, पहिली ते पाचवीला 30 पोरांमागं एक, सहावी ते आठवीला 35 मागं एक. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडं समायोजन होतं. म्हणजे आपल्याकडंही पैसा पोरामागं जातोच, फक्त टप्प्याटप्प्यानं पायऱ्या उतरत जातो. होटगी रोडवाल्यांचं 31 आणि 30 हे त्यातलंच.

आणि खरा अन्याय बघायचा असेल तर विनाअनुदानित शिक्षकांकडं बघा. 2001 पासनं शाळांना कायम विनाअनुदानित म्हणून परवानगी, 2009 ला कायम शब्द काढला, 2016 ला कुठं 20 टक्के पगार सुरू. मग 40, 60, प्रत्येक टप्प्याला आझाद मैदान. एकाच गावात एकाच इयत्तेला एकच पुस्तक शिकवणारे दोन शिक्षक, एक पूर्ण पगारावर आणि दुसरा वीस टक्क्यावर, आणि तो दुसरा सुट्टीत द्राक्षाच्या बागेत थिनिंगला जाणारा मी स्वतः बघितलाय. बी.एड. झालेला माणूस. पोरांनी काय गुन्हा केला की त्यांच्या वाट्याला थकलेला मास्तर यावा?

होटगी_रोड
सगळ्यांचे आभार. ताई, लिपिक साहेब, आता माझ्या डोक्यात मुद्दा जुळला. पोरामागं समान रक्कम द्या म्हणणाऱ्याला मी हे विचारणार की समान जबाबदारी पण घेणार का? आमच्या शाळेनं कुणालाच परत पाठवलेलं नाही. ऊसतोडीला जाऊन मार्चमध्ये परत आलेलं पोरगं आमच्याकडं बसतं, एक मतिमंद मुलगी आहे ती पण बसते. पिवळी गाडी तिच्या दारात थांबत नाही. तिला शिकवायला जे लागतं ते सरासरी आकड्यात कसं बसेल?

सात_रस्ता_ते_मिनेसोटा
बरोबर दादा, इथंही सगळ्यात जास्त भांडण ह्याच्यावरच. विशेष गरजांच्या मुलांना जादा पैसा असतो पण पुरत नाही. मिनेसोटात चार्टरचा त्या मुलांवरचा न भागलेला खर्च बराचसा त्यांच्या राहत्या डिस्ट्रिक्टकडनं वसूल होतो, म्हणजे मूल गेलं तरी बिल डिस्ट्रिक्टलाच. चार्टर नको असं मी म्हणणार नाही, माझ्या मुलीला तिथं चांगले शिक्षक भेटले. पण पैसा हलवायचा तर मागं राहणाऱ्या शाळेचा किमान खर्च आधी बाजूला काढून ठेवा, मग उरलेलं पोरामागं वाटा.

बार्शी_संस्था
ह्याला माझी पण हरकत नाही. ठरलेला पैसा तारखेला द्या, आम्ही पण ती मुलगी घेतो. तिला शिकवायला ट्रेन्ड बाई लागतील त्यांचा पगार मात्र द्यायला पायजे.

पंढरपूर_लिपिक
होटगी रोड, बैठकीला जायच्या आधी दोन कागद हातात ठेवा. केंद्रप्रमुखांकडनं मागच्या तीन-चार वर्षांचा यूडायसचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) पट आणि मुख्याध्यापकांकडनं संयुक्त अनुदानाचं खर्चाचं रजिस्टर. दोन्ही समितीला बघायचा हक्क आहे, माहिती अधिकाराची पण गरज नाही. लाईट बिल, मोटर, सफाई हे आकडे वाचून दाखवा आणि 31 चे 30 झाले तर ह्यातलं काय बंद करायचं ते त्या पालकांनाच विचारा. आणि 2023 ला समूह शाळांचं परिपत्रक आलं होतं, 20 च्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करण्याबद्दल, ते पण वाचून जा. तुमचा पट आज 31 आहे, ठराव करायचा तर आत्ताच करा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या आवकला देऊन शिक्का घ्या.